रात्री आठ वाजता, पोटभर

वर्ध्याजवळच्या आंजी गावात कोणाच्या पोटात दुखलं, छातीत भरून आलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, की माणसं आधी देवाचं नाव घेत आणि मग रूपरावचं. देवाला हाक पोचेपर्यंत रूपराव पँट चढवून तयार असे. वर्ध्याच्या दवाखान्यात केसपेपर कोणत्या खिडकीवर निघतो, रक्ताचा रिपोर्ट किती वाजता मिळतो, कोणत्या सिस्टरला ‘ताई’ म्हटलेलं चालतं आणि कोणत्या सिस्टरला चालत नाही, हे सगळं त्याला पाठ. शेती बटईनं दुसऱ्याला कसायला दिलेली, त्यामुळे वेळ भरपूर. पंधरा वर्षांत गावातले दीड-दोनशे पेशंट त्याने नेले-आणले असतील, आणि चहापलीकडे कोणाकडून काही घेतलं नाही. चहा पिताना मात्र तो पेशंटपेक्षा जास्त बोलायचा.

डॉक्टरसमोर तर तो पेशंटला बोलूच देत नसे. “पेशंटले काय समजते, साहेब? थो घाबरेल राह्यते. मी सांगतो.” आणि सांगायचा. कधीपासून दुखतं, कुठे दुखतं, भूक किती, झोप किती. पेशंट बाजूला बसून मान डोलवायचा. डॉक्टरांनाही बरं वाटे. गर्दीच्या ओपीडीत एक धड बोलणारा माणूस भेटला की काम उरकतं. माणूस धड बोलतो म्हणजे खरं बोलतो असं काही नसतं, पण हे कळायला रूपरावला स्वतःच्या बायकोचं दुखणं यावं लागलं.

भागीरथा त्याची बायको. सत्तावीस वर्षांचा संसार, एकच मुलगी रक्षा, ती वडनेरला दिलेली. घरात आता दोघंच. गेल्या दिवाळीपासून भागीरथेला उजव्या बरगडीखाली दुखायचं, जेवण झालं की अर्ध्या-एक तासानं. रूपरावने ‘गॅस आहे’ म्हणून निकाल देऊन टाकला. ओवा झाला, सोडा झाला, मेडिकलमधलं गुलाबी औषध झालं. शेवटी त्याने तिला वर्ध्याला नेऊन सोनोग्राफी केली. नॉर्मल. चार महिन्यांनी पुन्हा केली. पुन्हा नॉर्मल. पित्ताची पिशवी छान, भिंत पातळ, खडा नाही, नळीला सूज नाही.

दुसऱ्या नॉर्मलनंतर तो मनातून वैतागला. गावभरचे आजार शोधून देणाऱ्याला घरचा आजार सापडू नये, ही काय गोष्ट झाली? पानठेल्यावर कोणी विचारलं तर तो म्हणे, “फोटोत तं काईच नाई. बाईमानसाचं थोडं मनाचंही राह्यते ना बाप्पा.” हे वाक्य फिरत फिरत भागीरथेच्या कानावर गेलं. तिला बोलायची सवय नव्हती आणि त्याला ऐकायची.

वर्ध्याच्या दवाखान्यात सुरभी मॅडम म्हणून एक सर्जन होत्या, वयानं लहान पण शांत. त्यांनी दोन्ही रिपोर्ट समोरासमोर ठेवले आणि म्हणाल्या, “सोनोग्राफीत पिशवी कशी दिसते ते कळतं. खडा असला तर तोही दिसतो, आणि खडे शोधायला त्याच्यापेक्षा चांगली तपासणी नाही. पण पिशवी काम करते का, पित्त आत घेते का, जेवल्यावर पिळून बाहेर टाकते का, ते सोनोग्राफी सांगत नाही. त्यासाठी वेगळं स्कॅन असतं. नागपूरला जावं लागेल.”

त्याला हायडा स्कॅन म्हणतात, हेही त्यांनी सांगितलं. रूपरावला ते नाव एवढं आवडलं की परत येताना बसमध्ये त्याने ते चार वेळा म्हणून पाहिलं. संध्याकाळी पानठेल्यावर त्याचं व्याख्यान तयार होतं. “असं समजा, फवारनीचा पंप हाये. टाकी चकचकीत, नळी नवीकोरी, पट्टा मजबूत. हे झाली सोनोग्राफी. पन दांडा हानल्यावर फवारा निंगते का? ते हानूनच पाहा लागते. हे झालं हायडा.” ऐकणाऱ्यांनी माना डोलावल्या. शेजारच्या रामाजीने तर, “आमच्या वहिनीलेही असंच दुखते, तिचंही करू मंग,” असं तिथंच ठरवून टाकलं.

स्कॅन सोमवारी होतं. नागपूरच्या सेंटरवाल्यांनी रूपरावच्या मोबाइलवर सूचनांचा कागद पाठवला. निदान चार तास उपाशी असावं, पण चोवीस तासांपेक्षा जास्त उपाशी राहू नये, असं त्यात स्वच्छ मराठीत लिहिलेलं होतं. रूपरावने तो तीनदा वाचला, रामाजीला पाठवला, रक्षाला पाठवला. जिचं पोट होतं तिला मात्र एवढंच सांगितलं, “सोमवारी उपाशी जा लागते. ध्यानात ठेवजो.”

सोमवारी सकाळी दोघं वर्ध्याहून नागपूरच्या बसमध्ये बसले. केळझर आलं तसं रूपरावने टेकडीवरच्या गणपतीच्या दिशेनं पाहून हात जोडले आणि भागीरथेला कोपरानं ढोसून, “गणपतीले म्हन, आज काईतरी निंगू दे,” म्हणाला. भागीरथेने डोळे मिटलेले होते. ते तिने उघडले नाहीत, तसेच हात जोडले. तिच्या कपाळावर घाम होता. रूपरावला वाटलं, घाबरली.

सेंटरमध्ये रीता मॅडम नावाच्या टेक्निशियन होत्या. त्यांनी भागीरथेला खुर्चीवर बसवलं, हातात सुई टोचायची तयारी केली आणि विचारलं, “शेवटचं कधी जेवलात काकू?”

“काल रात्री आठ वाजता,” रूपराव म्हणाला.

“नीट सांगा हं. मुद्दाम विचारते,” रीता मॅडम म्हणाल्या. “माणूस फार वेळ उपाशी असला की पिशवी जुन्या पित्तानं आधीच गच्च भरलेली असते. मग आम्ही सोडलेलं औषध आत शिरायला जागाच नसते. पिशवी चांगली असून बिघडलेली दिसते.”

“म्याडम, आमी काय आज पह्यल्यांदा आलो का दवाखान्यात? कागद वाचूनच आलो. रात्री आठ वाजता. वरन, भात, पोळी, आलू-वांग्याची भाजी. पोटभर.”

भागीरथेने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. क्षणभरच. मग खाली पाहून पदर नीट केला. रीता मॅडमनी कागदावर ‘रात्री ८’ लिहिलं आणि सुई टोचली.

तिला एका मोठ्या कॅमेऱ्याखाली निजवलं. काचेपलीकडच्या पडद्यावर आधी तिचं यकृत उजळलं, मग पित्ताची नळी, मग आतडी. पिशवीच्या जागी अंधार. एक तास झाला, दोन झाले, पुन्हा आणून निजवलं, चार तास झाले. पिशवी काही उजळली नाही. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला आणि तो पाहून सुरभी मॅडम म्हणाल्या, “पिशवी भरतच नाहीये. म्हणजे तिच्या तोंडाशी अडथळा दिसतो. सोनोग्राफीत दिसलं नाही, पण दुखणं आहे, आणि काम बंद आहे. काढून टाकलेली बरी. दुर्बिणीतून करू, पुढच्या गुरुवारी. बुधवारी सकाळी दाखल व्हा.”

रूपरावला बरं वाटलं. बायकोचं ऑपरेशन ठरलं आणि नवऱ्याला बरं वाटलं, हे ऐकायला वाईट आहे, पण झालं ते झालं. आजार सापडला होता आणि तो त्याने शोधला होता. पुढचे पाच-सहा दिवस तो पानठेल्यावर, ग्रामपंचायतीच्या ओट्यावर, पिठाच्या गिरणीपाशी हेच सांगत हिंडला. फोटोत काही दिसलं नाही, हायडात दिसलं. मनाचं असते म्हणणारा जणू दुसराच कोणी होता.

सोमवारी दुपारी तो घरी आला तो हातात ऑपरेशनच्या सूचनांचा कागद घेऊन. भागीरथा तूर निवडत बसली होती. या वेळी त्याला काय वाटलं कोण जाणे, त्याने कागद तिला मोठ्यानं वाचून दाखवला. बांगड्या काढून ठेवणे. नखांचा रंग पुसणे. ऑपरेशनच्या आधी आठ तास काही खाऊ नये.

“आठच तास?” भागीरथा म्हणाली. “मंग त्या बारीले मी उगाचंच केलं.”

“काय केलं?”

“शनवारपासून नाई खाल्लं.”

रूपरावने कागद खाली केला. “कोन्या शनवारपासून?”

“नागपूरले गेलतो ना, त्याच्या आधीच्या. शनवारी सकाळी अर्धी भाकर खाल्ली, मंग नाईच खाल्लं काई. कोरा चहा पेली. तुमी म्हनलं ना उपाशी जा लागते. मले वाटलं जेवढं उपाशी तेवढं मशीनमधी साफ दिसन. अन् खाल्लं की दुखते. बसमधी दुखलं असतं, ओकारी आली असती, तं तुमाले लाज आली असती लोकाइत.”

ती तूर निवडत होती. सुपातला खडा उचलून तिने बाजूला टाकला. तिच्या लेखी ही एक सांगून झालेली साधी गोष्ट होती.

“अवं, पन मी तिथं रात्री आठ सांगतलं ना,” रूपराव म्हणाला. “तू काऊन नाई बोलली?”

“तुमी सांगून राह्यलते. पोटभर म्हनलं तुमी. चारचौघाइत तुमाले खोटं पाडू का मी?”

तेव्हा त्याला कळलं की आपण त्या दिवशी कोणाचं ताट सांगितलं. वरण, भात, पोळी, आलू-वांग्याची भाजी. ते त्याचं होतं. रविवारी रात्री आठ वाजता तो जेवला होता, पोटभर, आणि भागीरथेने वाढलं होतं. नंतर ती जेवली असेल, असं त्याने धरून चाललं होतं. आधी त्याची आजी, मग आई, मग ती, बाया मागून जेवतात, त्यात पाहायचं काय? सत्तावीस वर्षांत त्याने तिला ताटावर बसलेलं पाहिल्याची एक आठवण काढून बघितली. लग्नातला घास आठवला, तोही फोटोमुळे. त्याला एवढी लाज वाटली की कान गरम झाले.

आणि रीता मॅडमचं बोलणं त्याला शब्दन् शब्द आठवत होतं. दोन दिवस उपाशी पोट. गच्च भरलेली पिशवी. चांगली असून बिघडलेली दिसते. हे गावात दुसऱ्या कोणाला कळलं नसतं, पण त्याला कळत होतं, कारण कळण्याचाच त्याला अभिमान होता. गुरुवारी सुरभी मॅडम भागीरथेच्या पोटातून कदाचित एक धडधाकट पिशवी काढून टाकणार होत्या, त्याने सांगितलेल्या आठ वाजताच्या जेवणावर विसंबून.

फोन खिशात होता. मॅडमचा नंबर त्यात होता. एक फोन, दोन वाक्यं. बाप्पा, एवढं सोपं असतं तर काय हवं होतं. दुसऱ्याच्या आजाराबद्दल उचलली जीभ लावली टाळ्याला, असं ज्याने पंधरा वर्षं केलं, त्याची जीभ आता जड झाली. फोनवर काय सांगायचं? की माझी बायको कधी जेवते ते मला माहीत नाही? रूपरावला? जो रामाजीच्या वहिनीला दिवसातून किती वेळा मळमळतं तेही सांगू शकतो, त्याला?

त्याने स्वतःची समजूत घालायला घेतली. दुखतं तर आहेच. पिशवी खराब असेलही. काढली तर बरंच होईल, लोक पिशवीशिवाय जगतात, दवाखान्यात कितीतरी पाहिले. डॉक्टर एवढे शिकलेले, त्यांना आत गेल्यावर दिसेलच. मंगळवारही असाच गेला. तो पानठेल्याकडे फिरकला नाही. आणि भागीरथेला त्याने काहीच सांगितलं नाही. ती आपली पिशवीत साड्या घालत होती, शेजारच्या पौर्णिमेला सांगत होती की तुळशीला पाणी घालजो.

मंगळवारी संध्याकाळी मात्र त्याने मनाशी ठरवलं, निदान आज तिला जेवताना पाहायचं. स्वतः जेवून तो तिथंच बसून राहिला. ती ताट घ्यायला उठली तोच बाहेरून रामाजीने हाक मारली. उद्याचा ऑटो किती वाजता सांगायचा, वहिनीचे कागद सोबत आणू का, मॅडमशी तुम्हीच बोलाल ना, असं त्याचं सुरू झालं. रूपराव बाहेर गेला, ओट्यावर बसला, बोलत राहिला. आत आला तेव्हा भांडी घासून पालथी घातलेली होती. त्याने विचारलं नाही, आणि तिनेही सांगितलं नाही.

बुधवारी सकाळी तिघं दवाखान्यात पोचले. रामाजी वहिनीचे कागद काखेत धरून मागे उभा. भागीरथा पलंगाच्या कडेला बसली, हातात बांगड्यांची पुरचुंडी. सिस्टर आल्या, त्या रूपरावला ओळखत होत्या. “आज घरचाच पेशंट का रूपरावभाऊ?” म्हणून हसल्या आणि फॉर्म भरायला लागल्या. नाव, वय, आधीचं ऑपरेशन, औषधांची ॲलर्जी. रूपराव उत्तरं देत होता.

“काल रात्री किती वाजता जेवल्या?”

त्याने तोंड उघडलं. आठ, हा शब्द अगदी ओठावर आला होता. त्याला ते घासलेलं ताट दिसलं.

“मले माईत नाई,” तो म्हणाला.

सिस्टर हसल्या. “तुम्हाला माहीत नाही?”

“नाई. अन् त्या दिवशी नागपूरलेही नाई होतं माईत. मी ठोकून सांगतलं तिथं. ते दोन दिवसाची उपाशी होती, अन् मी पोटभर म्हनलं. मॅडमले बोलवा तुमी. उद्या कापू नका तिले.”

हे बोलताना त्याचा आवाज चढला नव्हता, उलट एवढा खाली गेला होता की सिस्टरना पुढे वाकावं लागलं. पण रामाजीला ऐकू गेलं. शेजारच्या पलंगावरच्या बाईला ऐकू गेलं. भागीरथेलाही.

सुरभी मॅडम आल्या. रूपरावने सगळं पुन्हा सांगितलं, उभ्यानं, शाळेत छडी खाणाऱ्या पोरासारखा. शनिवारची अर्धी भाकर, कागद वाचून न दाखवल्याची गोष्ट, आलू-वांग्याची भाजी. आणि हेही, की त्याला हे परवापासून माहीत होतं. हे शेवटचं सांगायची गरज नव्हती. कोणी विचारलंही नव्हतं. पण सांगायला लागल्यावर अर्धवट सांगणं त्याला जमेना.

मॅडम रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं, असं त्याला वाटलं. “तुम्ही जे सांगितलं ते नागपूरवाल्यांनी लिहिलं, आणि त्यांनी जे लिहिलं त्यावर मी निर्णय घेतला,” त्या म्हणाल्या. “सोनोग्राफीत पिशवी चांगली दिसत होती, तेव्हाच मी थांबून ह्यांना स्वतः विचारायला हवं होतं. चूक माझीही आहे.” मग त्यांनी खुर्ची वळवली ती भागीरथेकडे तोंड करून. रूपरावकडे त्यांची पाठ झाली.

“तुम्ही सांगा आता. दिवसात किती वेळा खाता?”

भागीरथेने सवयीनं नवऱ्याकडे पाहिलं. रूपराव खिडकीबाहेर बघत होता. मग ती बोलायला लागली, आधी एकेक शब्द, मग दोन-दोन. ह्यांचं झाल्यावर खाते. कधी उरलं तर, कधी नाही. होळीपासून एकच वेळ. गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधली गोळी घेते, रोज दोन, सकाळी उठल्या उठल्या. किती दिवसांपासून? दोन वर्षं झाली असतील.

“रिकाम्या पोटी?” मॅडमनी विचारलं.

“हाव.”

ती अशा गोळ्या घेते, हेही रूपरावला माहीत नव्हतं. मॅडमनी फॉर्मवर रेघ मारली. ऑपरेशन थांबलं. आठवडाभर रोज वेळेवर दोन घास खायचे, आणि मग स्कॅन पुन्हा करायचं, या वेळी कधी जेवल्या ते त्यांनी स्वतः सांगायचं, असं ठरलं. वहिनीचे कागद दाखवायची आठवण रामाजीने काढली नाही.

परतीच्या ऑटोत रामाजी पुढे बसला. भागीरथा रस्त्याकडे पाहतच म्हणाली, “परवापासून माईत होतं तुमाले?”

“हाव.”

“कापलं असतं तं?”

ऑटो खड्ड्यांतून आदळत चालला होता आणि रूपराव आंजी येईपर्यंत आपल्या पायांकडे पाहत राहिला. सासरा, भाऊ, गाव, या वयापर्यंत कोणीही त्याला एवढं खाली पाहायला लावलं नव्हतं.

दुसरं स्कॅन नीट पार पडलं. रीता मॅडमनी प्रश्न विचारला तेव्हा रूपराव दाराबाहेर होता, स्वतःहून. या वेळी पिशवी पाऊण तासात उजळली. मग भागीरथेला साय घातलेलं ग्लासभर दूध पाजलं, आणि पिशवीने आतलं निम्म्याहून जास्त पित्त पिळून बाहेर टाकलं. चांगली, कामाची पिशवी होती. पुढे तोंडावाटे पोटात दुर्बीण घातली तेव्हा खरं दुखणं सापडलं. गुडघ्याच्या गोळ्यांनी रिकाम्या पोटाला पडलेली जखम होती ती. औषधानं भरून येणारी.

गावात मात्र वेगळीच हवा झाली. ‘हायडा खोटं सांगते, रूपरावच्या बायकोची पिशवी उगाच काढून राह्यले होते’ अशी कुजबुज सुरू झाली. खरं काय ते रामाजीला माहीत होतं, पण तो भला माणूस, त्याने तोंडातून चकार शब्द काढला नाही. आयती झाकपाक झाली होती. रूपराव दोन दिवस ती पांघरून बसला. तिसऱ्या दिवशी अंकुश नावाचा गिरणीवाला पानठेल्यावर म्हणाला की आईला ते स्कॅन सांगितलं आहे, पण आता नेत नाही, मशीनच खोटी. रूपराव पान न घेताच वळला होता. तो परत फिरला.

“मशीन खरी होती,” तो म्हणाला. “तिले म्या खोटं सांगतलं. माही बायको कवा जेवते ते मले माईत नोतं. तू आईले ने. अन् तिलेच बोलू देजो.”

कोणी हसलं नाही. हसले असते तर त्यालाही हसून घेता आलं असतं. पानठेलेवाला चुना लावत राहिला. अंकुशने दुसरीकडे पाहिलं. रूपराव घरी आला.

डॉक्टरांनी भागीरथेला वेळा बांधून दिल्या होत्या. औषध साडेसातला, जेवण आठला, गरम, आणि इतरांच्या नंतर नाही. त्या संध्याकाळी रूपरावने स्वतः पाट मांडला. वरणाचं पातेलं त्यानेच खाली उतरवलं, भात वाढला, थोडा सांडला. भाजी वाढली. “बस,” तो म्हणाला, आणि तिच्यासमोर भिंतीला टेकून बसला.

भागीरथा बसली. तिने भात कालवला. घास केला. तो हातात तसाच राहिला. ती ताटाकडे बघत होती, तिचे कान लाल झाले होते. एकदा तिने घास ओठांपर्यंत नेला आणि पदर पुढे ओढून पुन्हा ताटात ठेवला.

“दुखते का?” त्याने विचारलं.

“नाई.”

“मंग?”

ती खालच्या मानेनं, जणू गुन्हा तिचाच आहे अशा आवाजात म्हणाली, “रक्षाचे बाबा, तुमी थोडे बाहीर बसता का? तुमच्यासमोर नाई उतरत घास.”

रूपराव उठला. दार लोटून घेतलं आणि ओट्यावर जाऊन बसला. रस्त्यानं माणसं घरी परतत होती. रामाजी दूध घेऊन चालला होता, तो थांबला.

“जेवाच्या टाइमाले बाहीर काऊन बसले, भाऊ?”

“भागीरथा जेवून राह्यली,” रूपराव म्हणाला, आणि त्याच्याकडे न पाहता चपलेची माती काढत बसला.